मॉडेल होतं, ड्रॉइंग नव्हतं: बीबीएफ यंत्राच्या चाचणीची फाइल करताना

यंत्राचं थ्रीडी मॉडेल हाताशी आहे, पण कुणीतरी "मापांसह ड्रॉइंग जोडा" असं लिहून दिलं आणि तिथेच काम अडलं, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. आमच्या पेरणी यंत्राच्या चाचणीची फाइल अशीच अडली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये कामाला हात घातला, मार्च २०२५ मध्ये फाइल जमा झाली आणि त्या खरिपात यंत्राची चाचणी झाली. मध्ये काय काय लागलं, कुठे थांबावं लागलं आणि पैसे कशावर गेले, ते घडलं त्या क्रमाने सांगते.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमचं गाव. मामांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, गेट, वखर-डवऱ्याची दुरुस्ती अशी कामं असतात, आणि गेल्या काही हंगामांपासून ट्रॅक्टरचं बीबीएफ पेरणी यंत्रही ते बनवतात. बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा आणि सरी. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं. वरंब्यावर पीक असलं तर जास्तीचं पाणी दोन्ही बाजूंच्या सरीतून निघून जातं, आणि उघडीप पडली तर सरीत मुरलेली ओल कामी येते. गावातल्या कास्तकारांना यंत्र पटलं होतं. पण कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदान मिळायचं तर यंत्राचा मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. अहवाल नसला तर घेणाऱ्याला पूर्ण किंमत मोजावी लागते, आणि ते बहुतेकांना जमत नाही.

दिवाळीनंतर मामा आणि मी चाचणी केंद्रात जाऊन यादी घेऊन आलो. अर्ज, उद्यम नोंदणी, जीएसटी, तांत्रिक तपशीलपत्रक, वापरपुस्तिका, पूर्ण जोडणीचं ड्रॉइंग, मुख्य सुट्या भागांची मापांसह ड्रॉइंग, आणि शुल्काचा डिमांड ड्राफ्ट. मी गावात सेवा केंद्रात अर्ज भरण्याचं काम करते, त्यामुळे पहिल्या तीन गोष्टींची भीती नव्हती. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत होते, आधार आणि पॅन पुरतं. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. शुल्क यंत्राच्या प्रकारानुसार वेगवेगळं असतं, तेव्हा केंद्राचं चालू दरपत्रक पाहूनच ड्राफ्ट काढा.

पोटात गोळा आला तो ड्रॉइंगच्या ओळीने. मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड केला आहे. ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर धरून शीटा काढल्या होत्या, नंतर संगणकावर थोडं ऑटोकॅड. पण ते सगळं शिकण्यापुरतं होतं. खऱ्या यंत्राचं, कुणीतरी सही-शिक्क्यासह तपासेल असं ड्रॉइंग मी कधी केलं नव्हतं.

मामा निश्चिंत होते. "यंत्र त माह्या डोक्यात हाय पोरी. पाच मिनिटांत सांगतो, लिहून घे."

आमच्याकडे एक आधार होता. दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी मामांच्या यंत्रावर प्रोजेक्ट केला होता. जाताना त्यांनी थ्रीडी मॉडेलची स्टेप फाइल (कुठल्याही कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडते ती) आणि एक सुंदर रंगीत चित्र देऊन ठेवलं होतं. मला वाटलं, मॉडेल आहे म्हणजे निम्मं काम झालंच.

यवतमाळला एक ओळखीचे दादा ऑटोकॅडवर नकाशे करून देतात. आधी त्यांच्याकडे गेले. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा या सगळ्या काळात फार उपयोग झाला. त्यांनी एका शीटचे चारशे रुपये सांगितले. दरात काही गैर नव्हतं, पण आमच्या दहा-बारा शीटा होत्या आणि मामा दर हंगामात यंत्रात काही ना काही बदलतात. दर बदलाला पुन्हा यवतमाळ गाठायचं का, हा प्रश्न होता. त्यांनी मनापासून एक गोष्ट समजावून सांगितली, ती इथे देते. ऑटोकॅडमध्ये थ्रीडीवरून टूडी करायचे दोन मुख्य रस्ते आहेत. फ्लॅटशॉट ही आज्ञा त्या क्षणी दिसणाऱ्या रेषा सपाट करून देते. त्यानंतर मॉडेल बदललं तरी त्या रेषा तशाच राहतात. दुसरी आज्ञा व्ह्यूबेस, ती २०१२ च्या आवृत्तीपासून आली. त्यातले व्ह्यू, म्हणजे एकेका बाजूने दिसणारी चित्रं, मॉडेलशी जोडलेले राहतात आणि मॉडेलसोबत बदलतात. तुमच्याकडे कुठलंही सॉफ्टवेअर असो, आधी हेच विचारा: ड्रॉइंग मॉडेलला बांधलेलं राहणार की सुटणार? आमच्यासारख्या सतत बदलणाऱ्या यंत्राला बांधलेलंच हवं.

मी फ्रीकॅड हे मॉडेल आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर निवडलं. ते मोफत आहे, मुक्त सोर्स आहे आणि धंद्यासाठी वापरलं तरी परवाना शुल्क नाही. त्याच महिन्यात त्याची १.० आवृत्ती आली होती. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम कमी पडत होती. आणखी एक पट्टी टाकायला १,७०० रुपये गेले. डिजिटल व्हर्नियर ८५० रुपयांचा. दुकानातला टेप आणि ओळंबा होताच.

स्टेप फाइल उघडली. यंत्र पडद्यावर फिरवता येत होतं, छान दिसत होतं. पण स्टेप फाइलमध्ये फक्त तयार आकार असतो. कुठलं स्केच काढलं, किती जाडी दिली, कुठे भोक पाडलं, हा इतिहास त्यात नसतो. शिजलेल्या भाजीतून मीठ परत काढता येत नाही, तसं त्यातलं एखादं माप सहज बदलता येत नाही. आणि बदलायचं तर पुष्कळ होतं. मॉडेलमध्ये फ्रेमचा चौकोनी पाइप ७५ बाय ७५ होता. वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या यंत्राचा ७२ बाय ७२, कारण व्यापाऱ्याकडे तोच मिळतो. मामांनी वरच्या हिचचा, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या भागाचा, उभा खांब मागे सरकवला होता आणि त्याला तिरपे टेकू दिले होते. रिजरचे, म्हणजे सरी पाडणाऱ्या फाळाचे, पंख वेगळे झाले होते. मॉडेल दोन वर्षांपूर्वीच्या यंत्राचं होतं.

चाचणीला जे यंत्र जाणार, ड्रॉइंग त्याचंच हवं. त्यामुळे डिसेंबरचे पहिले दोन आठवडे मी पडद्यासमोर कमी आणि यंत्राखाली जास्त होते. खालच्या दोन हिच पिनांच्या मधोमध दोरी धरून ओळंब्याने यंत्राची मध्यरेषा जमिनीवर काढली, खडूने आखली आणि सगळी मापं तिथून घेतली. मामा आणि वेल्डर दादा टेपचं दुसरं टोक धरायला आले. फ्रेम, हिच, क्लॅम्प (फण पाइपला आवळणारी पकड) आणि रिजर मी फ्रीकॅडमध्ये स्केचपासून नव्याने उभे केले. बियाण्याची पेटी, चाक, साखळी हे विकत आणलेले भाग स्टेपमधलेच ठेवले, कारण ते आम्ही बनवत नाही. हा निर्णय वेळ वाचवणारा ठरला: जे स्वतः बनवता त्याचं मॉडेल स्वच्छ आणि स्वतःचं असू द्या, जे विकत आणता त्याचा बाहेरचा आकार पुरतो.

मग टेकड्रॉ. फ्रीकॅडच्या या भागात कोरं पान घ्यायचं, मॉडेलचा भाग निवडायचा आणि व्ह्यूंचा गट पानावर टाकायचा. समोरून, वरून, बाजूने, सगळं एकमेकांच्या रांगेत येतं. बोर्डवर ज्या प्रोजेक्शन रेषा ओढायला आम्हाला दुपार लागायची, त्या क्षणात पडलेल्या पाहून मी मामींना हाक मारून दाखवलं होतं. इथे पहिलं तपासायचं ते प्रोजेक्शन. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) एसपी ४६ या पुस्तकात तोच दिला आहे. त्यात वरचा व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून पाहिलेला उजवीकडे. मुलांच्या जुन्या शीटांवर थर्ड अँगल होता, बरोबर उलट. सेटिंगमध्ये बदलता येतो. शीर्षकपट्टीजवळ कापलेल्या शंकूचं चिन्ह काढायला विसरू नका, कारण वाचणारा त्यावरूनच ठरवतो की हा व्ह्यू कुठल्या बाजूचा.

प्रमाणाचंही तसंच. सॉफ्टवेअर आपोआप प्रमाण घेतं तेव्हा आकडा काहीही येऊ शकतो, पानात बसेल असा. तो स्वतः बदलून १:२, १:५, १:१० असा ठरलेला घ्या. आमची फ्रेम २,१०० मिमी लांब. १:५ ला एक व्ह्यूच ४२० मिमी होतो, म्हणजे ए३ ची पूर्ण रुंदी. १:१० ला तिन्ही व्ह्यू ए३ वर बसत होते, पण भागांची यादी आणि मापं दाटीवाटीने आली असती. म्हणून पूर्ण जोडणी ए२ वर १:१० ला आणि सुटे भाग ए३ वर.

लॅपटॉप जुना असेल तर एक त्रास होतो. पूर्ण जोडणीचा व्ह्यू काढताना कुठली रेषा दिसते आणि कुठली झाकली जाते याचा हिशोब सॉफ्टवेअरला करावा लागतो. बोल्टांवर खरे आटे काढलेले असले तर हा हिशोब संपतच नाही. मी आट्यांऐवजी साधे गोल दांडे ठेवले आणि पानाचं आपोआप अद्ययावत होणं बंद केलं. काम झालं की एकदाच अद्ययावत करायचं आणि तेवढ्या वेळात चहा. गोल कोपऱ्यांच्या बारीक रेषाही लपवल्या, त्यामुळे शीट लगेच वाचण्याजोगी झाली. संध्याकाळी लाइट जाते म्हणून दर थोड्या वेळाने सेव्ह करण्याची सवय लावून घ्यावीच लागली.

आता मापं. या सगळ्या कामात खरं डोकं इथे लागतं, आणि याविषयी मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. मॉडेलला प्रत्येक लांबी माहीत असते. कुठल्याही दोन कडा निवडा, आकडा हजर. पण कुठला आकडा शीटवर द्यायचा, तो कुठून मोजायचा आणि कुठला द्यायचाच नाही, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते ड्रॉइंग वाचून लोखंड कापणाऱ्याच्या जागी बसून ठरवावं लागतं.

म्हणून जानेवारीत मी फ्रेमचं एकच शीट दोन प्रकारे मापं टाकून छापलं. पहिल्यात मापं साखळीसारखी होती: एका क्लॅम्पपासून पुढच्या क्लॅम्पपर्यंत ४५०, तिथून पुन्हा ४५०. दुसऱ्यात सगळी मापं यंत्राच्या मध्यरेषेपासून होती: फणांचे क्लॅम्प दोन्हीकडे २२५ आणि ६७५ वर, रिजर ९०० वर. दोन्ही शीटा वेल्डर दादांना दिल्या, सोबत एक उरलेला पाइप आणि खडू, आणि मी काही न बोलता बाजूला बसले.

साखळीचं शीट हातात घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, हा पयला क्लॅम्प कुठून धरू? पाइपाच्या काठावरून का मंधातून?" आणि काठावरून मोजत मोजत गेले. टेपने प्रत्येक खूण करताना मिलिमीटरभर इकडे-तिकडे होतंच, आणि साखळीत तो फरक पुढच्या प्रत्येक खुणेला जोडला जातो. शिवाय पाइप कापतानाच दोन मिमी कमी-जास्त झाला असेल तर काठावरून सुरू केलेलं सगळं तितकं सरकतं. मध्यरेषेच्या शीटवर त्यांनी काही विचारलं नाही. मधोमध खूण केली, टेपचं शून्य तिथे धरलं आणि दोन्ही बाजूंच्या सगळ्या खुणा एका दमात केल्या. मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "मी बी असंच करतो, पण हे कोणाले सांगता येत नवतं." त्या वाक्याने मला पुढचे दोन महिने काम करायचं बळ दिलं.

त्यानंतर प्रत्येक शीटवर आधी एकच प्रश्न: हा भाग कुठून धरून बनवतात? हिचच्या प्लेटला खालच्या भोकाचं केंद्र, रिजरला बोल्टचं भोक, पेटीच्या ब्रॅकेटला घडीची रेषा. मापं तिथून.

दुसरा प्रश्न: कुठलं माप चुकलं तर यंत्र अडेल? फणांमधलं अंतर ४५० ऐवजी ४५२ झालं तर पिकाला काही कळत नाही. पण ट्रॅक्टरला जोडायच्या तीन बिंदूंचं तसं नाही. त्याचं भारतीय मानक आयएस ४४६८. दुसऱ्या कॅटेगरीच्या हिचला खालच्या पिना २८ मिमीच्या आणि त्यांच्यातलं अंतर ८२५ मिमी. इथे मामांच्या अंदाजाला जागा नाही, कारण समोरचा ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असू शकतो. म्हणून हिचच्या मापांना वेगळी, घट्ट सूट (माप किती कमी-जास्त चालेल ती मर्यादा) लिहिली आणि बाकी वेल्डिंगच्या फ्रेमसाठी शीर्षकपट्टीत आयएस २१०२ चा ढोबळ वर्ग. त्यात ४०० ते १,००० मिमीच्या मापाला अधिक-उणे २ मिमी आणि १,००० ते २,००० ला अधिक-उणे ३ चालतं. सगळ्या मापांपुढे दोन-दोन दशांश ठेवले तर बनवणाऱ्याला वाटतं की सगळंच तितकं काटेकोर हवं. मी फ्रेमच्या शीटांवरचे दशांश पूर्ण काढून टाकले.

एकच माप दोन व्ह्यूंमध्ये देऊ नका. पुढे एक बदललं आणि दुसरं तसंच राहिलं तर कुठलं खरं? तुटक रेषेला, म्हणजे आत लपलेल्या कडेला, शक्यतो माप नको. त्यासाठी छेद काढा. आणि तिरक्या, आयसोमेट्रिक चित्राला मापच नको. सेटिंग पाहिली नाही तर सॉफ्टवेअर कागदावर दिसणारी लांबी मोजून देऊ शकतं, आणि आयसोमेट्रिकमध्ये ती खऱ्या लांबीच्या सुमारे ०.८१६ पट असते. हजार मिमीच्या पाइपवर ८१६ आकडा आला तर कापणारा तेवढाच कापेल. आयसोमेट्रिक चित्र पहिल्या शीटवर ओळखीपुरतं ठेवलं.

छेदाच्या शीटने दोन रात्री घेतल्या. रिजरच्या मधून छेद घेतला की सॉफ्टवेअर वाटेत येईल ते सगळं कापतं आणि सगळ्यावर तिरक्या रेषा मारतं, बोल्टवरही. ड्रॉइंगच्या नियमाप्रमाणे बोल्ट, शाफ्ट आणि टेकूच्या पट्ट्या लांबीत कापून दाखवत नाहीत. आयटीआयमधल्या आमच्या मॅडमचा हा फार आवडता प्रश्न होता. मी बोल्ट सोडून बाकी भागांचा छेद घेतला आणि बोल्ट वेगळ्या व्ह्यूने त्यावर बसवला. काम किचकट आहे, पण तपासणारा माणूस शीट उघडल्यावर आधी इथेच पाहतो.

वेल्डिंगची चिन्हं टेकड्रॉमध्ये तयार मिळतात. पद्धत आयएस ८१३ मध्ये आहे. मामांनी प्रत्येक सांध्याला बोट लावून सांगितलं, कुठे पूर्ण ओढायचं आणि कुठे तुकड्यातुकड्याने. भागांची यादी स्प्रेडशीटमध्ये करून पानावर घेतली आणि फुग्यांनी क्रमांक दिले.

फेब्रुवारीत नागपूर. हिचच्या प्लेटा आणि पेटीचे ब्रॅकेट आम्ही आता हिंगणा एमआयडीसीत लेझरने कापून घेतो, आणि चाचणीच्या यंत्रालाही तेच लावायचे होते. मी माझं मापांसहित शीट डीएक्सएफ (कापणाऱ्या यंत्राला वाचता येणारी रेषांची फाइल) करून नेलं. काउंटरवरच्या दादांनी फाइल उघडली आणि समजावलं, "ताई, याच्यात आकडे नका ठेवू. मशीनले आकडा काय आन् रेघ काय, सारखंच." लेझरला हवी असते फक्त बाहेरची कड आणि भोकं, एकास एक प्रमाणात, मापं-चौकट-शीर्षकपट्टी काहीही नको. ते टेकड्रॉच्या पानावरून घेण्यापेक्षा फ्रीकॅडच्या ड्राफ्ट विभागातून त्या भागाचा सपाट आकार काढून डीएक्सएफ करणं सोपं पडतं. मापांचं शीट पीडीएफमध्ये सोबत द्यायचं, तपासायला आणि घडी मारणाऱ्याला. म्हणजे एकाच मॉडेलवरून दोन टूडी निघतात, एक यंत्रासाठी आणि एक माणसासाठी. त्यांनी तिथेच बसवून नवी फाइल करू दिली, त्यामुळे दुसरी फेरी वाचली.

घडीचे भाग असतील तर आणखी एक हिशोब लागतो. आमच्या ब्रॅकेटची दोन्ही पाती बाहेरून ५० मिमी, पत्रा ३ मिमी, आतली गोलाई ३ मिमी. सपाट पत्रा १०० मिमी कापला तर पाती मोठी होतात. के-फॅक्टर (वाकवताना पत्र्याच्या जाडीत कुठला थर ताणला-दाबला जात नाही, तो आकडा) ०.४ धरला तर घडीत सुमारे ६.६ मिमी जातात, दोन्ही सरळ भाग ४४-४४, म्हणजे सपाट लांबी ९४.६. फ्रीकॅडच्या शीटमेटल ॲडऑनमध्ये हे उलगडून मिळतं. पण के-फॅक्टर घडी मारणाऱ्याच्या डायवर अवलंबून असतो, तेव्हा त्यांचा आकडा विचारून घ्या आणि शक्य असेल तर एक तुकडा आधी वाकवून मोजा.

मार्चच्या सुरुवातीला शीटा छापायला यवतमाळला गेले. ए३ चे पंधरा रुपये, ए२ चे पन्नास. छापताना "पानात बसवा" हा पर्याय बंद करून शंभर टक्क्यांनी छापायला सांगा, नाहीतर प्रमाण बिघडतं. मी प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ ठेवली होती. दुकानातच पट्टीने मोजून घेतली. ए२ ची घडी ए४ एवढी करायची आणि शीर्षकपट्टी वर, बाहेर दिसेल अशी ठेवायची. शीर्षकपट्टीत यंत्राचं नाव, मॉडेल क्रमांक, शीट किती पैकी कितवी, प्रमाण, काढणारा, तपासणारा, तारीख. फ्रीकॅडची पानं एसव्हीजी साच्यावर असतात, त्यामुळे हे रकाने एकदाच स्वतःच्या नावाने करून ठेवता येतात. "काढणारा" या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि "तपासणारा" मध्ये मामांनी सही केली.

मार्चअखेरची गर्दी टाळायची म्हणून दुसऱ्या आठवड्यातच फाइल नेली. दोन संच करा: एक जमा करायचा आणि दुसऱ्यावर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्यायचा. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकावर होतो. तीन-चार आठवड्यांनी पत्र आलं. तपशीलपत्रकातली एकूण लांबी-रुंदी-उंची आणि जोडणीच्या ड्रॉइंगवरची एकूण मापं एकसारखी आहेत याची लेखी खात्री आणि प्रत्येक शीटवर सही-शिक्का मागितला होता. पत्र उघडेपर्यंत हात थरथरत होते. वाचल्यावर जीव भांड्यात पडला, कारण दोन्ही आकडे एकाच मॉडेलमधून आले होते. सही-शिक्के मारून एका दिवसात उत्तर पाठवलं. तुम्हीही तपशीलपत्रक हाताने मोजून वेगळं भरू नका. अंतिम मॉडेलवरूनच भरा, आणि वजन मात्र वजनकाट्यावर करा.

पेरणीच्या यंत्राची शेतातली चाचणी हंगामातच होते, त्यामुळे एप्रिल आणि मे वाट पाहण्यात गेले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात वावरात वापसा आल्यावर तारीख मिळाली. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी आधी यंत्र सपाट जागेवर उभं करायला लावलं आणि आमची शीट हातात धरून एकेक माप घेतलं: हिचचं अंतर, पिनांचा व्यास, फणांची अंतरं, फ्रेमचा पाइप. प्रत्येक आकड्यासमोर बरोबरची खूण होत गेली. मामा एक शब्द बोलले नाहीत, फक्त टेपचं टोक धरून उभे राहिले. मग पेरणी.

त्यांनी एक सूचना लेखी दिली: साखळीवर पूर्ण झाकण हवं, चालवणाऱ्याच्या सुरक्षेसाठी. सूचना योग्यच होती. मॉडेलमध्ये झाकण घातलं आणि ड्रॉइंग उघडलं. बहुतेक मापं आपोआप जुळली. जिथे कडा बदलल्या होत्या तिथली काही सुटली होती, ती दुरुस्तीच्या साधनाने पुन्हा जोडली. बदल केल्यावर प्रत्येक शीटवर नजर फिरवाच, सॉफ्टवेअरवर सोडू नका. बदललेल्या शीटांवर "रिव्हिजन बी", तारीख आणि एका ओळीत काय बदललं ते लिहिलं, छापून केंद्रात दिलं आणि पुन्हा पोच घेतली. वर्कशॉपच्या भिंतीवरच्या जुन्या शीटा त्याच दिवशी काढल्या, नाहीतर कुणीतरी त्यावरूनच कापलं असतं.

शुल्क सोडून आमचा खर्च साडेचार हजारांच्या आसपास गेला: व्हर्नियर, रॅम, छपाई, प्रवास. अहवाल ऑक्टोबरमध्ये हातात आला. आता मामांना पाच फणांचं यंत्र करायचं आहे. फ्रेम लांब होईल आणि रिजर बाहेर सरकतील, पण मधला फण मध्यरेषेवरच येत असल्यामुळे बाकीच्यांची मापं तिथून ४५० आणि ९०० अशी सरळ निघतात. हिचची शीट तीच राहील. फ्रेमच्या शीटवर काम सुरू केलं आहे.